पाण्याखालचा दगड

भाटघरचं पाणी फेब्रुवारीपासून उतरायला लागतं. धरणातून ते नीरेत जातं, नीरेतून कालव्यांनी बारामती-इंदापूरच्या आणि फलटण-माळशिरसच्या उसाला जातं, आणि इकडं वेळवंडीच्या खोऱ्यात काठची जमीन वीत-वीत वर येते. आधी गाळ, मग गाळाच्या भेगा, मग जुन्या बांधांच्या रांगा. उन्हाळा चढला की कांबऱ्याचं महादेवाचं देऊळसुद्धा पाण्यातून डोकं काढतं आणि माणसं दर्शनाला जातात. खोऱ्यातल्या लोकांना याचं नवल राहिलेलं नाही. पावसाळ्यात झाकलेलं उन्हाळ्यात उघडं पडतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं.

याच काठावर, समोर राजगडाची संजीवनी माची दिसते अशा जागी, गोष्टीतली वाडी आहे. उंबरे तीसेक, त्यातले अकरा ख्रिस्ती. 1928 साली धरण पुरं झालं, तेव्हा त्याला लॉइड धरण म्हणत. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. पाणी चढलं तशी वाडी वर सरकली आणि शेतं खाली राहिली. सरकारदरबारी ती जमीन धरणाची. पण पाणी उतरलं की ज्याच्या आजोबाचं वावर जिथं होतं तिथं त्याचा नातू जाऊन उभा राहतो. गाळात वैरण पेरतो, भुईमूग टोकतो, काकडीचे वेल सोडतो, आणि पाऊस लागला की सगळं पाण्याच्या हवाली करून घरी येतो. कुणाची हद्द कुठवर हे कळावं म्हणून जुन्या माणसांनी घडीव दगड रोवून ठेवले होते. वर्षातला बराच काळ हे दगड पाण्याखाली राखण करत उभे असतात.

असाच एक दगड नाना आणि तात्या या दोन भावांच्या रानांमध्ये होता.

सतरा वर्षांपूर्वी त्यांचे वडील वारले. त्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा दगड दोन हात सरकलेला दिसला, तात्याच्या रानात. तात्यानं पंचकमिटीपुढं गाऱ्हाणं घातलं. नाना तेव्हाही कमिटीत होते. चर्चमध्ये वेदीसमोर उभं राहून ते म्हणाले, "दगड पाण्यानं हलवला." तात्या एवढंच बोलला, "पाणी दगड उताराला नेतं, भावाच्या रानात नेत नाही." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तात्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दाराशी बसू लागला, आणि प्रभुभोजनाची वेळ आली की उठून बाहेर जाऊ लागला. मनात अढी ठेवून ती भाकर आणि तो प्याला कसा घ्यायचा, असं त्याला वाटे. नाना पुढच्या बाकावर बसत आणि दरवेळी घेत.

दोन हात गाळ, तोही चार महिन्यांचा, आणि कागदोपत्री दोघांपैकी एकाचाही नाही. पण भांडणाला जमिनीचा उतारा लागत नाही.

2025 साली राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या लेंट नावाच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 5 मार्चला आला. पाळकसाहेब भोरहून मोटारसायकलवर आले. तरुण होते आणि तीन ठिकाणच्या मंडळ्या सांभाळत होते. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख त्यांनी एकेकाच्या कपाळाला लावली आणि मग पिशवीतून वही काढली.

"लेंटमध्ये प्रभूसाठी कोण काय सोडणार ते सांगा. मी लिहून ठेवतो. ईस्टरला बघू कुणाचं तडीला गेलं."

एका पोरानं मोबाइलमधला खेळ सोडला. एका काकूंनी रात्रीच्या मालिका सोडल्या. एकानं तंबाखू सोडली, तशी त्याची बायको म्हणाली, "साहेब, गेल्या सालचंच पान काढा, तेच नाव हाय." मंडळी हसली. मग नाना उठले आणि हसू थांबलं.

"दिवसभर फक्त पाणी," नाना म्हणाले. "रात्री एक भाकरी, मिठाबरोबर. भात नाही, चहा नाही. झोपायला घोंगडी."

"नाना, रविवार धरू नका," पाळकसाहेब म्हणाले. "रविवार उपवासात मोजत नाहीत. म्हणून तर आजपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस सेहेचाळीस भरतात आणि उपवास चाळीस."

"मोजणाऱ्यानं मोजावं. मी सेहेचाळीस करणार."

बायकांच्या बाजूला कौतुकाची कुजबुज झाली. पासष्टीचा माणूस, आणि एवढं कडक! दाराशी बसलेल्या तात्यानं मान वर केली नाही.

शेवटी आत्याची पाळी आली. आत्या चर्चची झाडलोट करायची, रविवारी घंटा वाजवायची. वय सत्तरीच्या पुढं. सगळ्या वाडीची ती आत्या, ख्रिस्ती घरांची आणि बाकीच्यांचीही.

"आत्या, तुम्ही काय सोडणार?"

"माज्यापाशी सोडायला काय हाय, साहेब? दात सुटलं, मटान आपसूक सुटलं. टीव्ही पोरानं पुण्याला न्हेला." ती थोडी थांबली. "पर माज्या घरात दुसऱ्याचं लई पडलंय. ते परत दीन म्हनते."

मंडळी पुन्हा हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी लिहिलं : आत्या, परत देणार.

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरी जाऊन तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर खुणा काढल्या. चाळणीसाठी गोल, वाण्याच्या चाळीस रुपयांसाठी चार रेघा, अशा कितीतरी. जे दिलं त्याची खूण ओल्या फडक्यानं पुसायची. चाळणी पहिल्याच दिवशी गेली. वाणी म्हणाला, "आत्या, मी तर विसरलो होतो." आत्या म्हणाली, "तू इसरलास, म्हनून तर मला ध्यानात ठिवावं लागलं." नातीच्या लग्नात व्याह्यांना ती तोंडाला येईल ते बोलली होती. भोरला त्यांच्या घरी जाऊन तिनं तो शब्द मागं घेतला. शब्दसुद्धा परत नेता-आणता येतो, त्याला फक्त एसटीचं भाडं पडतं, असं ती आल्यावर सांगत होती.

दर शुक्रवारी एकेका घरी लेंटची प्रार्थना व्हायची. जमिनीवर पोती अंथरायची, मध्ये कंदिलाच्या जागी आता बॅटरीचा दिवा, 'उपासना संगीत'मधली दोन गीतं पेटीवर, मग ज्याला बोलायचंय तो बोले. नाना दर शुक्रवारी बोलत. आज दहावा दिवस, आज सतरावा. ते वाळत चालले होते. गालाची हाडं दिसायला लागली होती, आवाज मात्र चढला होता. सून भाकरीला मीठ जास्त देते म्हणून त्यांनी ताट सरकवलं होतं, नातवानं पळताना घोंगडीवर पाय दिला म्हणून त्याला मारलं होतं. घरच्यांनी ईस्टरकडं डोळे लावले होते.

एका प्रार्थनेनंतर आत्या नानांजवळ आली. "नाना, चर्चच्या कपाटाची किल्ली द्या."

"कशाला?"

"नाताळात मारुतीच्या देवळातनं सतरंजी आनली व्हती. ती कपाटात तशीच हाय. हनुमान जयंती आली, त्यास्नी लागंल."

"ते मागायला आले का?"

"मागायला आल्यावर दिली तर ते परत देनं कसलं, नाना? ती तर वसुली झाली."

नानांनी किल्ली दिली. हनुमान जयंती 12 एप्रिलला होती. आत्यानं सतरंजी उन्हात घातली, झटकली, आणि आदल्या दिवशी दोन पोरांच्या डोक्यावर देऊन मारुतीच्या देवळात पोचवली. पुजारी म्हणाला, "अहो, राहू द्यायची. ईस्टरला तुम्हाला लागेलच की." आत्या म्हणाली, "लागंल तवा मागू."

पण त्याआधीच, मार्चच्या शेवटाला, घागरीचं प्रकरण झालं होतं.

आत्याच्या मांडणीवर एक पितळी घागर होती. कल्हई कधीच उडालेली, पण काठ जाड, आवाज खणखणीत. भिंतीवरची तिची खूण सगळ्यांत मोठी होती, आणि आत्या रोज तिच्याकडं बघून दुसरीच एखादी पुसायची. शेवटी ती पाळकसाहेबांना म्हणाली, "ही वेल्ह्याकडची हाय. तोरन्याच्या पायथ्याला वाडी हाय, तिथली. बहात्तरच्या दुष्काळात आमी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायाचो. सुकडी मिळायची. तिथल्या एका बाईनं पानी भरायला दिली व्हती, दोन दिसांसाठी."

पाळकसाहेब नानांकडं वळले. "नाना, म्हातारीला एकटीला पाठवायला नको. तुम्ही जाल?"

उपवासाचं अंग, उन्हाचा प्रवास. पण पंचकमिटीचा प्रमुख नाही कसं म्हणणार? दोघं निघाले. भोरहून कापूरहोळ, कापूरहोळहून नसरापूर. तिथं वेल्ह्याची एसटी येईपर्यंत तासभर गेला. आत्या घागर मांडीवर घेऊन झाडाखाली बसली. तिची आजी नसरापुरात मिशनच्या बायकांकडं कामाला होती, हे ती नानांना सांगत होती. 1893 साली चार्ल्स रीव्ह यांनी सुरू केलेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचं नसरापूर हे जुनं ठाणं. "आजी म्हनायची, मडमा भांडी मोजून ठिवायच्या. तिला राग यायचा. मला आता कळतंय, मोजलेलं बरं असतं."

मार्गासनी, विंझर करत एसटी वेल्ह्याला पोचली. तिथून तासभर पायी. वाडीत विचारत-विचारत घर सापडलं. घरातला मुलगा चाळिशीचा. घागरीकडं बघून त्याला काहीच उमजेना. आत्यानं घागर फिरवून काठाखालचं नाव दाखवलं. ठोक्यांनी घातलेलं, घासून-घासून पुसट झालेलं.

"हे तर आजीचं नाव," तो म्हणाला. "पण आजीची घागर तर..." आणि तो बोलायचा थांबला.

कोपऱ्यात एक म्हातारी निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि ती सरकत-सरकत पुढं आली. घागर मांडीवर घेतली. नावावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. तिलाही वाचता येत नव्हतं, पण अक्षरांची वळणं तिच्या बोटाला पाठ होती.

"मी नवी नवरी व्हते," ती म्हणाली. "घागर घरात दिसंना. सासू म्हनली, हिनंच माहेरी दिली. मी शपथा घातल्या. मरंस्तवर सासूनं मला माहेरचं नाव काढू दिलं न्हाई. आई गेली तवा मला निरोप आला, पर..." तिनं पुढचं वाक्य घागरीतच सोडलं.

आत्या जमिनीला टेकली. "बाई, तुज्या घरातल्या एका बाईनं मला दोन दिसांसाठी दिली व्हती. काम बंद पडलं तसं मी गावाकडं गेले. आज दीन, उद्या दीन म्हनलं. मग लाज वाटाय लागली. मग सवय झाली."

कुणीच बोललं नाही. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मग म्हातारीनं मुलाला हाक मारली, "आरं, नाव मोठ्यानं वाच." त्यानं वाचलं. "सुनंला बोलीव. तिलाबी वाचून दाव. पोरास्नी बी." सगळं घर गोळा झालं. प्रत्येकाला नाव वाचून दाखवलं. पन्नास वर्षांचा आळ अशा रीतीनं, एकेका माणसापुढं, उतरला. मग ती म्हणाली, "आता पानी भरा तिच्यात. आन् या दोगास्नी चा टाका."

आत्यानं चहा घेतला. नानांनी हात जोडले. "माझा उपवास आहे."

परतीच्या एसटीत नाना बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "आत्या, आता कशाला गेलात? पन्नास वर्षं झाली. कुणी विचारलं नसतं. तुमची अब्रू झाकली राहिली असती."

"माजी ऱ्हायली असती. तिची?"

नाना गप्प झाले. रस्त्याच्या वळणावर आत्या पुढच्या दांडीला धरून बसली. रिकाम्या मांडीवर हात कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

"नाना, सोडायला सोपं हाय. सोडताना मानूस म्हनतो, माजं व्हतं ते म्या सोडलं. छाती फुगती. परत देताना म्हनावं लागतं, माजं नव्हतंच. त्येच्यानं मानूस ल्हान व्हतो. म्हनून मला येवढी वर्सं लागली."

त्या रात्री नानांनी भाकरी खाल्ली नाही. घरच्यांना वाटलं, उपवास आणखी कडक केला.

एप्रिल लागेपर्यंत पाणी बरंच खाली गेलं होतं. दगडाचं टोक गाळाबाहेर आलं. दरवर्षी टोक दिसलं की नाना पहाटे आधी जाऊन त्याला चुना लावून येत, हद्द कुणाला विसरायला नको म्हणून. या वर्षी दगड बिनचुन्याचा राहिला. तात्याच्या हे लक्षात आलं. त्यानं कुणाला विचारलं नाही.

13 एप्रिल, झावळ्यांचा रविवार. घाटावरच्या या भागात नारळ कमी, म्हणून ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या. पोरं त्या हलवत, होसान्ना म्हणत, मारुतीच्या देवळावरून वळसा घालून चर्चपर्यंत आली. देवळापुढं आदल्या दिवशीचा मांडव अजून उभा होता, आणि सतरंजी खांबाला घडी घालून ठेवलेली होती. पाळकसाहेब त्या दिवशी गाढवाबद्दल बोलले. येशू यरुशलेमेत ज्या शिंगरावर बसून गेला ते त्याचं नव्हतं, उसनं होतं. आणि ते आणायला शिष्यांना पाठवलं तेव्हाच मालकासाठी निरोप दिला होता, की काम झालं की परत पाठवतो. "आपण झावळ्या लक्षात ठेवतो, गर्दी लक्षात ठेवतो," पाळकसाहेब म्हणाले. "शिंगरू परत गेलं का, हे विचारायचं राहून जातं."

नाना खाली बघत होते.

मंगळवारी रात्री सगळं निजल्यावर ते पहार घेऊन खाली उतरले. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते. चंद्र वर येताच गाळ चांदीसारखा चमकायला लागला. सतरा वर्षांपूर्वीही अशीच रात्र होती, हीच पहार होती, आणि दगड त्यांनी एकट्यानं हलवला होता. आता त्यांनी पहार घातली, जोर लावला. दगड हलेना. सतरा पावसाळ्यांचा गाळ त्याच्या बुडाशी बसला होता. त्यांनी हातानं उकरलं, पुन्हा जोर लावला. डोळ्यांपुढं काजवे आले आणि ते गाळातच बसले. सहा आठवड्यांच्या उपवासानं अंगात काही ठेवलं नव्हतं. बुधवारी रात्री पुन्हा तेच झालं.

त्यांनी योजलं होतं ते साधं होतं. दगड गुपचूप हलवला, गुपचूपच जागेवर ठेवायचा. सकाळी तात्या बघेल, समजून जाईल, आणि कुणाला तोंड उघडावं लागणार नाही. पण चोरी एकट्यानं करता आली, परतफेडीला दुसरं माणूस लागणार होतं. आणि ते कोण, हेही दगडानंच ठरवून ठेवलं होतं.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी पाळकसाहेबांनी बारा जणांचे पाय धुतले. नाना बारांपैकी एक. घमेल्यात पाय ठेवला तेव्हा नखांत बसलेला काळा गाळ पाण्यात उतरला. पाळकसाहेबांनी वर बघितलं, आणि काही न बोलता टॉवेलानं पाय पुसला. मग प्रभुभोजन. थाळी नानांपुढं आली आणि नानांनी ती तशीच शेजाऱ्याकडं सरकवली. कमिटीतल्या कुणाच्याही ध्यानात आलं नाही. फक्त बाहेर जायला उठलेला तात्या दारात थबकला. सतरा वर्षांत पहिल्यांदाच, न घेणारे दोघं होते.

उत्तम शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला नाना तात्याच्या अंगणात उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात पहार. तात्याची बायको पाणी भरत होती, ती जागच्या जागी थिजली. तात्या बाहेर आला.

"भाकरी आहे का घरात?" नाना म्हणाले.

"आज? आज उत्तम शुक्रवार, नाना." सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं नाव घेतलं होतं.

"माहीत आहे. दगड उचलायचाय. अंगात ताकद नाही."

"कुठला दगड?"

नाना उत्तर शोधत राहिले. त्यांनी रात्रभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जवळ आलं नाही.

"पाणी उताराला नेतं," शेवटी ते म्हणाले. "तुझ्या रानात मी नेला."

तात्या खांबाला टेकला. वयानं धाकटा, पण त्या क्षणी तोच म्हातारा दिसत होता. एवढी वर्षं हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर काय करायचं हे कधी ठरवलंच नव्हतं. तात्याची बायको आत गेली. चूल पेटलेली नव्हती, त्या दिवशी पेटणारही नव्हती. रात्रीची शिळी भाकरी आणि ठेचा तिनं ताटलीत आणून पायरीवर ठेवला, शेजारी तांब्या. नाना पायरीवर बसले आणि सेहेचाळीस दिवसांच्या उपवासाच्या पंचेचाळिसाव्या दिवशी, लेंटच्या सगळ्यांत कडक दिवशी, सकाळी नऊ वाजता, भर अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत त्यांनी भाकरी खाल्ली. अर्धी झाल्यावर तात्या समोर येऊन बसला. उरलेली त्यानं खाल्ली. मग त्यानं आतून दुसरी पहार आणली.

बारा वाजता चर्चची घंटा झाली. उत्तम शुक्रवारची उपासना बारा ते तीन असते. वधस्तंभावरून येशूनं काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा, तो यंदा नानांकडं होता. नाना आले नव्हते. पाळकसाहेबांनी थोडं थांबून दुसऱ्यापासून सुरुवात केली. चौथा उद्गार संपत आला तेव्हा दारात दोघं जण दिसले. पांढरे कपडे गुडघ्यापर्यंत काळे, हात कोपरापर्यंत काळे. मंडळी वळून बघायला लागली. पाळकसाहेबांनी नानांना पुढं बोलावलं.

नानांच्या खिशात चार पानं लिहिलेली होती. ती त्यांनी काढलीच नाहीत.

"सतरा वर्षांपूर्वी इथंच उभं राहून मी म्हणालो होतो, दगड पाण्यानं हलवला," ते म्हणाले. "तो मी हलवला होता. आज आम्ही दोघांनी तो जागेवर ठेवला."

एवढं बोलून ते खाली आले. पुढचा बाक रिकामा होता, पण तिथं न थांबता ते चालत मागं गेले आणि दाराशी तात्याच्या शेजारी बसले.

उपासना सुटल्यावर बाहेर बायकांत चर्चा झालीच. "एवढे दिवस काढले, आणि शेवटाला, तेही शुक्रवारी, मोडला म्हणे उपवास."

आत्या केरसुणी घेऊन दारातल्या गाळाचे ठसे झाडत होती. "मोडला न्हाई गं," ती म्हणाली, "सुटला."

शनिवारी संध्याकाळी नाना मारुतीच्या देवळात गेले आणि त्यांनी सतरंजी मागितली. 20 एप्रिलला पहाटे चारला प्रभातफेरी निघाली. पेटी गळ्यात अडकवलेली, टाळ, मोबाइलचे उजेड. प्रत्येक ख्रिस्ती दारात थांबून "प्रभू उठला आहे" अशी हाक, आणि आतून "खरोखर उठला आहे" असं उत्तर. फेरी खाली पाण्याच्या काठाला आली. सुकलेल्या गाळावर सतरंजी अंथरली, आणि माचीच्या कड्यावर उजेड चढत असताना उपासना झाली. प्रभुभोजनाच्या वेळी तात्या उठला. सवयीनं सगळ्यांना वाटलं, निघाला. तो पुढं गेला. नाना त्याच्या मागं होते.

उपासनेनंतर चहा आणि बटर. मारुतीच्या देवळाचा पुजारीही आला होता. दुपारी घराघरांतून रश्श्याचा वास सुटला. नानांच्या सुनेनं सासऱ्याच्या ताटात भात वाढला आणि मिठाची वाटी बाजूला ठेवली, तेव्हा नाना तिला म्हणाले, "तेवढ्या दिवसांत मी तुला फार बोललो." आत्यानं हे ऐकलं असतं तर भिंतीवर तिला आणखी एक खूण पुसल्यासारखं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी नानांनी सतरंजी झटकली, घडी केली आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन देवळात पोचवली.

जूनमध्ये पाऊस लागला. गाळ गेला, वेल गेले, दगड पाण्याखाली गेला. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी पाळकसाहेबांनी वही काढली, तेव्हा तिच्या पानावर त्यांनी मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते. एकावर लिहिलं होतं, काय सोडणार. दुसऱ्यावर, कुणाचं काय परत देणार. पहिला रकाना नेहमीसारखा भराभर भरला. दुसऱ्यासाठी माणसं संध्याकाळी, अंधार पडल्यावर, एकेकटी आली.

वाचकहो, उपवास तुमचा कुठलाही असो, लेंटचा, एकादशीचा, श्रावणाचा की रोज्याचा, तो आनंदानं करा. पण त्याआधी घरातली मांडणी एकदा नीट बघा. एखाद्या भांड्यावर दुसऱ्याचं नाव असेल, तर ते घासून पुसू नका. भांडं उचला आणि निघा. तिकडं कुणीतरी तुमच्या वाट्याचा आळ अजून सोसत बसलेलं असेल.